टिश्यूच्या रोलऐवजी सुती तुकडे: कापड निवडण्यापासून वाळवण्यापर्यंत

संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या नव्या फ्लॅटांत कमोड आला, कमोडशेजारी धुवायचा पाण्याचा जेट आला आणि जेटनं ओलं झालेलं अंग टिपायला टिश्यूचा रोल आला. गुडघेदुखीमुळे कमोडवर बसायला लागलेल्या आजी-आजोबांच्या संडासातही तो आता दिसतो. धुण्याचं काम आपल्याकडे पाण्यानंच होतं आणि ते तसंच राहावं. रोल लागतो तो फक्त ओल टिपायला. तेवढ्या कामाला जुन्या धोतराचे तुकडे पुरतात. ते कसे आणि किती करायचे, कसे धुवायचे आणि आठ दिवसांत वास मारू नयेत म्हणून काय सांभाळायचं, ते इथं सांगितलं आहे.

एक फरक सुरुवातीलाच लक्षात घ्या. जिथं पाणी वापरत नाहीत तिथले लोक कागद सोडून कापडावर आले, की सगळी घाण कापडालाच लागते. मग झाकणाची बादली, भिजवणं, उकळणं असा मोठा पसारा मांडावा लागतो. आपल्याकडे पाणी आधी आणि कापड नंतर. धुणं नीट झालं असेल तर वापरलेला तुकडा फक्त ओला असतो. म्हणून कापडाच्या आधी धुण्याकडे बघू.

आधी पाणी

तांब्यानं धुणाऱ्याला अर्धा ते एक लिटर पाणी पुरतं. जेट असेल तर भिंतीतला अँगल कॉक, म्हणजे जेटच्या पाण्याची तोटी, पूर्ण उघडा ठेवू नका, अर्धाच उघडा. जोराची धार लागली की घाणेरडे तुषार मांड्यांवर, सीटच्या खालच्या बाजूला आणि कपड्यांवर उडतात. मग टिपायला एका तुकड्याऐवजी तीन लागतात आणि तुकडेही खराब होतात. धार समोरून मागे जाईल अशी धरा. बायकांनी आणि मुलींनी हे कटाक्षानं पाळायचं, कारण मागचे जंतू पुढे आले की लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होतो. नुसत्या पाण्याच्या धारेवर विसंबू नका, हात लावूनच धुवा.

कापडाची सवय नसलेल्यांची गफलत इथंच होते. धुऊन झाल्यावर त्याच हातानं स्वच्छ तुकड्यांच्या डब्यात हात घातला तर डब्यातले सगळेच तुकडे बाद. म्हणून बसण्याआधीच उजव्या हातानं एक तुकडा काढून शेजारच्या खुंटीवर किंवा खांद्यावर टाकून ठेवा. धुऊन झालं की दहा-पंधरा सेकंद पाणी निथळू द्या, मग तुकडा उजव्या हातात घेऊन टिपा. चोळायचं नाही. चोळल्यानं कातडी सोलवटते, आणि मूळव्याध किंवा चिरा असलेल्यांना तर फारच त्रास होतो. टिपलेला तुकडा वापरलेल्यांच्या पिशवीत टाका आणि साबणानं दोन्ही हात धुवा. तुकड्यावर पिवळट डाग दिसला तर धुणं अपुरं झालं आहे. पुन्हा धुवा आणि तो तुकडा तिथल्या तिथं तांब्याभर पाण्यात खळबळून ते पाणी संडासाच्या भांड्यात ओता.

कापड कोणतं

शंभर टक्के सुती. यात तडजोड नाही. टेरिकॉट, पॉलिस्टरची साडी, नायलॉनची ओढणी यांतलं काहीही ओल शोषत नाही. पाणी नुसतं इकडचं तिकडे होतं. कापड सुती आहे की नाही याची शंका असेल तर कडेचे चार-पाच धागे काढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि बोटानं चुरडली की राख भुगा होते. पॉलिस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला काळा कडक मणी बनतो. दोन्ही दिसलं तर कापड मिश्र आहे. ते लादी पुसायला ठेवा.

मराठवाड्यातल्या घरात सर्वांत सहज सापडतं ते जुनं धोतर. वर्षानुवर्षं धुऊन त्यातली खळ पूर्ण गेलेली असते, सूत मऊ झालेलं असतं आणि पाणी टेकताच आत ओढलं जातं. सुती नऊवारी लुगडं तितकंच चांगलं, फक्त काठ आणि पदर काढून टाका. जरीचा काठ टोचतो. पंचा चालतो, पण नवा असेल तर त्यात खळ असते. ती जाईपर्यंत गरम पाण्यात तीन-चार वेळा धुवावा लागतो, नाहीतर तुकडा पाण्यावर तरंगतो आणि लोक म्हणतात कापड काही कामाचं नाही. फ्लॅनेल, म्हणजे लव असलेलं सुती कापड, सर्वांत मऊ. म्हाताऱ्या माणसांसाठी आणि मूळव्याधीवाल्यांसाठी तेच घ्या. त्यावर कालांतरानं गोळे धरतात, तेवढं चालवून घ्या. टर्किश टॉवेल शोषतो भरपूर, पण वाळायला वेळ लावतो आणि बोअरच्या जड पाण्यात त्याचे धागे ताठरतात. आमचा कौल टॉवेलच्या विरोधात आहे.

रंग फिका असावा. गडद रंगावर डाग दिसत नाही, म्हणजे धुऊन निघाला की नाही तेही कळत नाही. मात्र स्वयंपाकघरातलं मसोतं, भाकरीचं फडकं ज्या रंगाचं असतं तो रंग इथं अजिबात नको. एकत्र कुटुंबात कापडं एकमेकांत मिसळायला एक दिवसही लागत नाही.

किती तुकडे लागतील

चार माणसांचं घर धरा, दोन बायका, दोन पुरुष. बायकांना लघवीनंतरही टिपायला लागतं, म्हणजे माणशी दिवसाला पाच. पुरुषांना एक-दोन. दिवसाचे १२ ते १४ झाले. एक दिवसाआड धुतलं तर धुण्याला २८, वाळत असताना वापरायला आणखी दहा-बारा. एकूण ४० तुकडे. पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ लागतो, तेव्हा ५०-५५ असलेले बरे.

एका धोतरात हे बसतं. चार वारांचं धोतर म्हणजे साधारण ३.६५ मीटर लांब. रुंदी १.१ मीटर धरली तर २२ सेंटिमीटरचे चौकोन रुंदीत ५ आणि लांबीत १६ निघतात. ८० चौकोन, दुहेरी शिवले की ४० तुकडे. प्रत्यक्षात मधला भाग विरलेला असतो, उजेडासमोर धरला की कळतं. तो वगळा आणि कमी पडतील ते जुन्या पंचातून काढा.

पण एकदम ४० शिवायला बसू नका. पहिले आठ-दहा चौकोन नुसते कापा, शिवू नका, आणि आठवडाभर वापरून बघा. कडेचे धागे निघतील, निघू द्या. हा आकार पुरतो का, घरातले बाकीचे वापरतात का, वाळत घालायला जागा कुठली, हे सगळं तेवढ्यात कळतं. मोठ्या हाताच्या माणसाला २० सेंटिमीटरचा तुकडा अपुरा वाटतो, लहान मुलांना १५ चाही जास्त होतो.

कापणं आणि शिवणं

कापण्याआधी कापड गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. सूत आटतं. धोतर जुनं असेल तर आटायचं तेवढं आटलेलंच असतं, पण फ्लॅनेल आणि नवा पंचा न धुता शिवला तर पहिल्याच धुण्यात चौकोनाचा आकार बिघडतो. त्यातही एक थर जुना आणि एक नवा घेतला असेल तर नवा आटतो आणि जुन्याचा फुगा येतो. दोन्ही थर एकाच कापडाचे घ्या.

जाड पुठ्ठ्याचा २२ सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि तो ठेवून खडूनं आखत जा. नवं कापड एका कडेला चीर देऊन फाडलं तर सरळ फाटतं. जुनं धोतर फाडू नका, ते विरलेल्या जागी वाकडं जातं. कात्रीच लावा.

शिवायच्या तीन वाटा आहेत. सर्वांत चांगली वाट सर्वांत आळशी आहे: दोन चौकोन एकावर एक ठेवा, चार कोपऱ्यांना टाचण्या लावा आणि गठ्ठा पिको-फॉलच्या दुकानात द्या. पिको किंवा इंटरलॉक, जे मशीन असेल ते. पिको-फॉलचं दुकान तालुक्याच्या गावातही सापडतं. साड्यांच्या लग्नसराईत मात्र हे काम घेऊन जाऊ नका, महिनाभर पडून राहील. देताना कोपरे गोल कापून द्या, मशीन कोपऱ्यावर न थांबता फिरतं आणि काम लवकर होतं. दुकानदाराला तुकडे कशासाठी आहेत ते सांगायची गरज नाही. रुमाल म्हटलं की झालं.

दुसरी वाट हाताची. कड अर्धा सेंटिमीटर, पुन्हा अर्धा सेंटिमीटर आत दुमडायची आणि तुरपाई घालायची. शिवून तुकडा २० सेंटिमीटरचा होतो. वाकळीला घालतात तसा धावदोरा मधून फुलीसारखा दोनदा फिरवा, टाका बोटाच्या नखाच्या निम्मा. मधला दोरा नसेल तर धुताना दोन थर वेगळे सरकतात आणि आत गोळा होतो.

तिसरी वाट म्हणजे उशीच्या अभ्र्यासारखं उलट्या बाजूनं शिवून, पाच सेंटिमीटर उघडं ठेवून तुकडा सुलटा करणं. दिसायला देखणं, पण कडेला चार थर जमतात. मधला भाग वाळतो, कड ओली राहते आणि पावसाळ्यात पहिला काळा ठिपका तिथंच पडतो. टांगायला कोपऱ्यात नाडी लावायचा मोहही टाळा, कारण तिथंही हेच होतं.

घरात माणसं जास्त असतील तर माणसागणिक दोऱ्याचा रंग वेगळा घ्या. धुऊन निघालेल्या कापडातून आजार पसरण्याची शक्यता कमी असते, पण 'हा माझाच आहे' ही खात्री असल्याशिवाय बरीच माणसं कापडाला हातच लावत नाहीत. दोऱ्याचा रंग हा त्यावरचा स्वस्त उपाय.

संडासात काय कुठे

स्वच्छ तुकडे झाकणाच्या डब्यात, हाताला येतील अशा उंचीवर. स्टीलचा बिस्किटांचा डबा उत्तम. जेटच्या माऱ्यात येणार नाही अशी जागा बघा.

वापरलेल्या तुकड्यांना मात्र हवा लागते. लसूण, बटाटे ज्यात मिळतात तसली जाळीची पिशवी दारामागच्या खुंटीला टांगा. ओला तुकडा तिच्यात तासा-दोन तासांत सुकतो, विशेषतः उन्हाळ्यात, आणि सुकलेल्या कापडाला वास येत नाही. प्लॅस्टिकच्या झाकणाच्या बादलीत टाकलेला ओला तुकडा दुसऱ्या दिवशी आंबतो. बादलीत पाणी घालून भिजवून ठेवायची पद्धत तर आपल्या भागात अजिबात नको. वास येतोच, शिवाय साठलेल्या पाण्यात डास होतात. चार-आठ दिवसांनी येणारं नळाचं पाणी पिंपात भरून ठेवायचं आणि त्या पिंपाला कोरडा दिवस पाळायचा असं आपण एकीकडे करतो, तेव्हा संडासात डेंग्यूच्या डासांना नवी बादली मांडून देऊ नये.

एक सावधगिरी. खेड्यातल्या शौचालयाच्या तीव्र उताराच्या पॅनला जलबंद, म्हणजे वास अडवायला खालच्या वाकणात थांबणारं पाणी, जेमतेम २० मिलिमीटरचा असतो, म्हणून दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं. त्यात कापडाचा तुकडा पडला तर तो खात्रीनं अडकतो. सेप्टिक टाकीतही कापड विरघळत नाही. पडलाच तर पाणी टाकायच्या आधी चिमट्यानं किंवा काठीनं काढा. पिशवी भांड्याच्या वर टांगू नका, बाजूला टांगा. लहान मुलांना तुकडा भांड्यात टाकायचा नाही हे पहिल्या दिवशीच दाखवा. टिश्यूलाही हे काही अंशी लागू आहे. रोलचा कागद पाण्यात सुटतो, पण तोंड पुसायचे टिश्यू आणि ओले वाइप्स ओले झाले तरी फाटू नयेत असेच केलेले असतात. थोड्या पाण्याच्या पॅनमध्ये ते घातले की चोंदण आलीच.

धुणं, आणि बोअरचं पाणी

दोन दिवसांपेक्षा जास्त साठवू नका, पावसाळ्यात रोज धुतलेलं बरं. क्रम असा.

पहिलं खळबळणं गार पाण्यात. सरळ गरम पाण्यात टाकलं तर डाग पक्का होतो. ३० तुकड्यांना ६-७ लिटर पाणी पुरे, आणि हे पाणी संडासात ओतायचं. मग ८ लिटर कडक गरम पाणी, त्यात कपडे धुवायची पावडर एक मोठा चमचा आणि धुण्याचा सोडा एक मोठा चमचा. अर्धा तास भिजू द्या, मग चोळा, नाहीतर धोपटणीनं हलकं धोपटा. ब्रश घासू नका, जुनं सूत फाटतं. त्यानंतर ६-७ लिटरच्या दोन स्वच्छ पाण्यांत खळबळा. दुसऱ्या पाण्यात हात बुळबुळीत लागला तर तिसरं पाणी घ्या. साबण राहिलेल्या कापडानं खाज सुटते, आणि दोष कापडाला दिला जातो.

धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. भज्यात टाकतो तो खायचा सोडा वेगळा, त्यानं हे काम नीट होत नाही. सोडा का लागतो? मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी जमिनीखाली काळा बेसाल्ट खडक आहे आणि त्यातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. साध्या साबणाशी त्यांची गाठ पडली की फेस होत नाही, त्याऐवजी पांढरट चिकट साका होतो आणि तो कापडात बसतो. सोडा आधी क्षारांना पकडतो आणि पावडर कामाला मोकळी राहते. म्हणूनच सोडा पाण्यात पूर्ण विरघळवून मगच पावडर टाका. हाताला चिरा असतील तर हातमोजे घाला, सोडा झोंबतो.

एवढं करूनही दोन-तीन महिन्यांत तुकडे पापडासारखे ताठ होतात आणि पाणी शोषेनासे होतात. यावर उपाय आंबटाचा. किराणा दुकानात लिंबूसत्व मागा, म्हणजे सायट्रिक ॲसिड. अर्ध्या बादली पाण्यात दोन छोटे चमचे विरघळवून धुतलेले तुकडे अर्धा तास बुडवा आणि स्वच्छ पाण्यातून काढा. महिन्यातून एकदा पुरे. साबण पूर्ण निघाल्यावरच हे करायचं. साबणाच्या पाण्यात आंबट पडलं की साबण फुटतो आणि त्यातली चरबी कापडावर मेणासारखी बसते.

कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव या तुकड्यांना लावू नका. ते धाग्यावर पातळ थर चढवतात आणि शोषण्याची ताकद तिथंच संपते. स्टार्च नको, नीळ घातली काय न घातली काय, काही फरक नाही. बादलीभर पाण्यात जंतुनाशकाचं एक झाकण टाकून समाधान मानणारेही असतात. वासापलीकडे त्यातून फारसं काही होत नाही.

आता पाण्याचा हिशेब. एका धुण्याला एकूण २७-२८ लिटर लागतात, म्हणजे दिवसाला साधारण १४ लिटर. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं 'रोज बादलीभर पाणी वाढवा' असं सहज सांगता येत नाही. पण हे पाणी वाढत नाही, नुसतं फिरतं. भांड्यात ओतायला एका वेळी दोन-तीन लिटर लागतात. धुण्याचं आणि खळबळण्याचं सगळं पाणी बादलीत धरलं तर संडासाच्या नऊ-दहा खेपा भागतात. कमोडची टाकी बंद ठेवून बादलीनंच ओता. उरलंसुरलं मोरीतून शोषखड्ड्यात जाऊ द्या. नांदेड पॅटर्न म्हणून नाव झालेला खड्डा दारात असेल तर चांगलंच. सोड्याचं पाणी झाडांना, विशेषतः कुंडीतल्या झाडांना घालू नका, माती खारवते. आणि टँकरच्या दिवसांत, पिण्याचीच मारामार असताना, महिना-दोन महिने तुकडे बाजूला ठेवले म्हणून काही बिघडत नाही. तेव्हा नुसतं निथळू देणं हाही पर्याय आहे.

मशीन असेल तर काम हलकं. गार खळबळणं हातानं करून तुकडे अंतर्वस्त्रांबरोबर आणि टॉवेलांबरोबर ६० अंशांवर धुवायला हरकत नाही. स्वयंपाकघरातली कापडं त्यात नकोत. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये तुकडे सुटे टाकू नका. छोटा तुकडा खालच्या फिरत्या चकतीच्या फटीत जातो आणि मेकॅनिक बोलवावा लागतो. जाळीच्या पिशवीचं तोंड बांधून पिशवीसकट टाका.

वाळवणं

निम्म्याहून जास्त तक्रारी इथून येतात, धुण्यातून नाही. लाज वाटते म्हणून तुकडे साडीखाली, परकराच्या आड, नाहीतर संडासातल्याच दोरीवर वाळत घातले जातात. तिथं ना ऊन ना वारा. कुबट वास, काळे ठिपके आणि जांघेतली खाज या तिन्हींचं मूळ बहुधा ही चोरटी दोरीच असते. चौकोनी फिके रुमाल गच्चीवर वाळत आहेत, त्यात बघणाऱ्याला काय कळणार? उघड्यावर, एकेक सुटा, कडक उन्हात घाला. चिमटे लावलेला गोल हँगर घेतला तर हातभर जागेत वीस तुकडे बसतात. माळवदावर पसरून ठेवायचे असतील तर खाली चादर टाका, माती लागते.

एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर असतो, तेव्हा दुहेरी धोतराचा तुकडा तासाभरात कडकडीत होतो. हिवाळ्यात अर्धा दिवस द्या. खरी परीक्षा जुलै-ऑगस्टची. तेव्हा दोरी पंख्याखाली आणा आणि वरून वाळल्यासारखा वाटणारा तुकडाही डब्यात टाकण्याआधी गरम इस्त्रीखालून काढा. सुती कापडाच्या आकड्यावरची इस्त्री ओलही काढते आणि उरलेसुरले जंतूही मारते. डब्यात एक जरी दमट तुकडा गेला तरी चार दिवसांत सगळा डबा कुबटतो.

बिघडलं तर कसं ओळखायचं

कोरड्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका. लगेच आत गेला तर कापड ठीक. थेंब मोत्यासारखा वर बसला तर एकतर खळ गेलेली नाही, किंवा साका अथवा सुगंधी द्रवाचा थर चढला आहे. नवं कापड असेल तर गरम पाण्यात सोडा घालून आणखी दोनदा धुवा, जुनं असेल तर आधी सोड्याचं धुणं आणि मग लिंबूसत्व.

वाळलेला तुकडा वास मारत नाही, पण ओला होताच अमोनियासारखा वास येतो, असं झालं तर लघवीचा अंश आत राहतो आहे. साठवण्याचे दिवस कमी करा आणि गार पाण्याचं एक खळबळणं वाढवा. काळे ठिपके म्हणजे बुरशी. दोन-चार तुकड्यांवर असेल तर ते सरळ काढून टाका, वाचवायच्या भानगडीत पडू नका. पिवळट डाग धुऊनही राहिला आणि तुकडा स्वच्छ असेल तर ओला असतानाच उन्हात टाका, ऊन तो फिका करतं. नाही गेला तरी काही बिघडत नाही.

आजारपणात

घरात कुणाला जुलाब, आव किंवा कावीळ असेल तर त्या माणसानं बरं होईपर्यंत कागद वापरावा आणि कचऱ्यात वेगळा बांधून टाकावा. कापडच वापरायचं असेल तर त्याची पिशवी वेगळी, धुणं वेगळं. धुऊन झाल्यावर ०.०५ टक्के क्लोरीनच्या पाण्यात अर्धा तास बुडवायचं. बाजारातलं चार-पाच टक्क्यांचं ब्लीच असेल तर लिटरभर पाण्याला १०-१२ मिलिलिटर. हे द्रावण रोज ताजं करा, दुसऱ्या दिवशी त्यात दम राहत नाही. आणि ब्लीच व लिंबूसत्व कधीही एका बादलीत आणू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो, बंद न्हाणीघरात तर तो जिवावर बेततो.

गजकर्ण, नायटा असलेल्या माणसाचा तुकडा, टॉवेल, अंतर्वस्त्रं काहीही दुसऱ्यानं वापरायचं नाही. तुकडे उकळत्या पाण्यात घालून धुवा आणि इस्त्री करा. मुलांना रात्री मागे खाज सुटत असेल तर बारीक जंत असू शकतात. त्यांची अंडी कापडावर दोन आठवड्यांपर्यंत टिकतात, म्हणून वाळलेले वापरलेले तुकडे झटकू नका, अलगद थेट गरम पाण्यात टाका. गार खळबळण्याचा नियम तेवढ्यापुरता मोडा. औषध डॉक्टरांकडून सगळ्या घरानं घ्यायचं असतं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी हाच तुकडा ओला करून पुसायला वापरता येतो, पण तिथं घाण थेट कापडाला लागते. मग आकार ३० सेंटिमीटर, एकेरी थर, दिवसाला दहा-पंधरा तुकडे आणि धुणं रोजच्या रोज. प्रत्येक तुकडा आधी भांड्यावर धरून तांब्याच्या धारेनं साफ करायचा. सांभाळणाऱ्या माणसाला हातमोजे हवेतच.

पाहुण्यांना आग्रह करू नका. रोल एका बाजूला राहू द्या, ज्याला जे हवं ते तो घेईल. एसटीच्या प्रवासात चार कोरडे तुकडे आणि वापरलेल्यांसाठी चेन लावलेली छोटी प्लॅस्टिकची पिशवी पुरते, फक्त मुक्कामाला पोचताच ती उघडा. तुकडा विरला, उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसायला लागला, की त्याची पिकोची कड कापून काढा. तो दोरा बहुतेक पॉलिस्टरचा असतो, तो कुजत नाही. मधलं सूत उकिरड्यात किंवा खताच्या खड्ड्यात पुरा.